अस्वलाच्या हातांतील बादली

यंदा वनदिनाच्या निमित्तानें आमच्या विद्यार्थ्यांनीं काढलेलीं चित्रें भिंतीवर लागलीं. बहुतेकांनीं रडणारी पृथ्वी काढली होती; कित्येकांनीं कुऱ्हाडीखालीं रक्तबंबाळ झालेलें झाड. तीं पाहून हळहळ वाटली खरी, परंतु पाहणारानें करावयाचें काय, हें त्यांपैकीं एकहि चित्र सांगत नव्हतें.

या दृष्टीनें वणव्यांविषयींचीं दोन अमेरिकन भित्तिचित्रें शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत. १९३७ सालीं जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनीं काढलेल्या चित्रांत त्या राष्ट्राचें प्रतीक असलेला अंकल सॅम वनरक्षकाच्या वेषांत जळत्या अरण्याकडे बोट दाखवितो. शब्द असे कीं, अरण्यें तुमचीं, अपराध तुमचा, हानि तुमचीच. चित्रकार थोर, पण दोषारोप होतांच मनुष्य आपल्या बचावास लागतो, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे! १९४४ सालीं आल्बर्ट स्टेली यांनीं स्मोकी नांवाचें अस्वल काढलें. विजार व वनरक्षकाची टोपी घातलेलें हें अस्वल वाटसरूंच्या शेकोटीवर बादलीनें पाणी ओतीत आहे. धडकी भरविणाऱ्या ज्वाळा नाहींत, अश्रु नाहींत. ज्याचें घर जळावयाचें तोच मनुष्याचें राहिलेलें काम मुकाट्यानें उरकीत आहे. आणि तें काम इतकें लहान आहे कीं, पांच वर्षांच्या मुलासहि करतां यावें. शब्बाथशाळेंतील चित्रांपैकीं चांगल्या शोमरोन्याचें चित्र माझ्या मनांत राहिलें, तेंहि जखमेवर तेल ओतणाऱ्या त्या हातामुळेंच.

परंतु चित्र जितकें प्रभावी, तितकेंच तें एकांगी. अरण्यांतील प्रत्येक आग शत्रूच, असा ग्रह लोकांत दृढ झाला. वस्तुतः लॉजपोल पाइन जातीच्या कित्येक वृक्षांचीं राळेनें मिटलेलीं फळें आगीच्या उष्णतेनेंच उकलतात. आणि लहान आगी सतत विझविल्यानें कोरडा पालापाचोळा सांचून पुढील वणवा अधिक भडकतो. दोष एकट्या चित्राचा नव्हे. १९३५ पासून दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या आंत आटोक्यांत आणावी, असें वनखात्याचें धोरणच होतें. आतां तेंच खातें योग्य ऋतु पाहून स्वतः मर्यादित आगी लावतें, आणि २००१ सालीं स्मोकीच्या घोषवाक्यांतील 'वनांतील आग' हे शब्द जाऊन 'अनावर वणवा' या अर्थाचा शब्द आला. अस्वल मात्र तेंच राहिलें.

पुढील वर्षीं रंग वांटण्यापूर्वीं मी मुलांना स्मोकीचें चित्र दाखविणार आहें. शब्दबदलाची ही हकीकतहि त्याच तासाला सांगेन.