‘बघू’ म्हणणारा माणूस

नववीच्या वर्गाला मागच्या आठवड्यात ‘घरातील एका व्यक्तीचे शब्दचित्र’ लिहायला दिले होते. वह्या गोळा करताना एका मुलीने विचारले, “टीचर, तुम्ही कुणावर लिहिलं असतं?” मी सहज म्हणाले, “आमच्या साहेबांवर.” वर्ग हसला. घरी आल्यावर मात्र मी खरेच लिहायला बसले, जणू ह्यांना एखाद्या कादंबरीत पात्र म्हणून घ्यायचे आहे.

पहिल्या ओळी भराभर झाल्या. अबोल. हिशेबी. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, ‘बघू’. मुलीला बारावीनंतर फार्मसीला जायचे आहे. तीन महिने ‘बघू’च चालले आहे. पुढे पेन थांबले. कारण मुलांना मीच शिकवते, माणूस असा का वागतो ते लिहा, नाहीतर ते शब्दचित्र नव्हे, तक्रार होते.

मग सासूबाईंचे बोलणे आठवले. अब्बांचे शिलाईचे दुकान बंद पडले तेव्हा हे दहावीत होते. फीचे विचारले की अब्बा ‘नाही’ म्हणत नसत, ‘बघू, बेटा’ म्हणत. शेवटी शिक्षण सुटले. वीस वर्षे मला हे माहीत होते, पण ते ह्यांच्या ‘बघू’शी मी कधी जोडलेच नव्हते.

आपल्या पु. ल. देशपांडे यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये अंतू बर्वा, चितळे मास्तर अशी कितीतरी माणसे उभी केली. त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९० साली त्यांच्या पत्नी सुनीताबाईंचे ‘आहे मनोहर तरी’ आले आणि इतरांना पात्र करणारा लेखक स्वतःच पात्र झाला, तोही हयात असताना! लाडक्या लेखकाचे घरातले दोष चारचौघांत मांडलेले अनेकांना रुचले नाहीत. पण सुनीताबाईंनी स्वतःलाही सोडलेले नाही. जोडीदाराचे चित्र काढताना आपणही त्यात येतोच. माझ्या वहीत मी कुठे होते? तीन महिने मी भांडी आपटली होती, धड विचारले एकदाही नव्हते.

इशाच्या नमाजनंतर विचारले, “फीची काळजी वाटते का?” हे थोडा वेळ गप्प बसले. मग कपाटातून डायरी काढली. दोन कॉलेजांची फी, बसचा पास, पुस्तके, सगळे लिहून ठेवलेले. म्हणाले, “पैसे उभे राहतील. पण हो म्हटलं आणि ऐनवेळी जमलं नाही तर? अब्बांसारखं तिला टांगून ठेवायचं नाही.”

“आत्ताही ती टांगलेलीच आहे की,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघे मिळून डायरी घेऊन बसलो. कॉलेज अजून ठरलेले नाही, पण आता मुलीलाही आकडा माहीत आहे.

बहिणींनो, कादंबरीतल्या माणसाच्या मनात काय आहे ते लेखक ठरवतो. संसारात ते विचारावे लागते. मला वाटले होते ह्यांना पैशाची भीती आहे. निघाली ती शब्द मोडण्याची. लेखकाची नजर जरूर वापरा, पण तिथेच थांबू नका.

आणि कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचा पोशाख म्हटले आहे, हेही विसरू नका. हा लेख पाठवण्याआधी मी ह्यांना वाचून दाखवला. त्यांनी एक वाक्य खोडायला सांगितले. मी ते खोडले.