परावैद्यकांची सनद

डॉक्टरला सनद लागते, परिचारिकेला लागते, औषधाची बाटली हाती देणाऱ्यालाही लागते. परिचारिकांच्या परिषदेचा केंद्रीय कायदा १९४७ सालचा, औषधविक्रीच्या व्यवसायाचा १९४८ सालचा. परंतु रुग्णवाहिकेत प्राणवायू लावणारा, क्ष-किरण यंत्र चालविणारा, रक्त तपासणारा जो परावैद्यक वर्ग, त्याच्यासाठी देशव्यापी कायदा होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राच्या परावैद्यक परिषदेच्या अधिनियमाच्या तर नावातच २०११ हे साल आहे. तेव्हा हा प्रश्न राज्यकर्त्यांना अपरिचित होता, असे म्हणण्याची सोय नाही.

२०२१ च्या कायद्याने संलग्न व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचे शिक्षण सांगितले, नोंदवही सांगितली आणि सहा महिन्यांत राज्य परिषदा स्थापण्यास सांगितले. तीन वर्षांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर आले ते असे की, अवघ्या चौदा राज्यांनी परिषदा नेमल्या आणि त्याही कार्यरत नाहीत. न्यायालयाला १२ ऑक्टोबर २०२४ ही मुदत घालून द्यावी लागली. कायदा संसदेने करावयाचा आणि त्याची आठवण न्यायालयाने द्यावयाची, ही रीत शोभादायक नव्हे.

हा केवळ कागदांचा प्रश्न आहे असे शहरवासीयांस वाटेल, कारण त्यांचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. जालना जिल्ह्यातील आष्टीचा विचार करावा. तेथील अत्यवस्थ रुग्णाला परतूर गाठावे लागते, पुढे जालना, आणि प्रसंगी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. या वाटेवर वाहनात जो सोबत असेल, तोच त्या वेळेपुरता त्याचा वैद्य. राज्याची १०८ सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर ठेवण्याची योजना झाली, हे स्तुत्यच होय. पण प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला तेच वाहन येते असे नाही. भाड्याच्या गाडीत बसलेला मदतनीस किती शिकला आहे, हे घाबरलेल्या नातेवाइकांनी कोणाला विचारावे?

सनदेचा उपयोग दुहेरी आहे. अडाण्याला ती आवरते, हे सर्वांना दिसते. जाणत्याला ती अधिकार देते, हे मात्र आपण विसरतो. कोणते उपचार आपण स्वतः करावयाचे आणि कोणते डॉक्टरच्या आज्ञेनेच, हे कायद्याने ठरले नसेल तर कुशल माणूसही हात आखडता घेतो. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे, आणि नोंदवहीतील नाव कोणाही नागरिकाला पडताळून पाहता येते. आम्हांस येथे याहून अधिक काही नको.

नियम कडक केले तर खेडी ओस पडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. वर्षानुवर्षे काम करून हात बसलेल्या माणसांना एका फटक्यात बाहेर काढणे अन्यायाचे होईल आणि रुग्णांच्याही हिताचे होणार नाही. त्यांच्यासाठी ठराविक मुदतीची पूरक शिकवणी व परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणीच ठेवावी. जालन्यास २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा या कामी उपयोग का होऊ नये? परंतु सवलत म्हणजे कायमची सूट नव्हे. शहराला सनदी माणूस आणि आष्टीला जो मिळेल तो, अशी वाटणी आम्हांस मान्य नाही.

परिषदेची अधिसूचना निघाली म्हणजे नियमन झाले, या समजुतीत शासनाने राहू नये. नोंदवही जनतेला खुली होईल आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत सनदेचा क्रमांक ठळकपणे लावला जाईल, तेव्हाच तो कायदा आष्टीपर्यंत पोहोचला असे आम्ही म्हणू.