हत्यारांचे पाणी

नाशिकच्या सरकारवाड्यासारख्या पेशवेकालीन वास्तूंमधले लाकडी खांब हातहत्यारांनीच घडले आणि आजही वाड्याच्या डागडुजीत कललेल्या तुळईला खाच पाडायची, तर शेवटचा हात पटाशीचाच लागतो. म्हणून माळ्यावर गंजलेले रंधे, वाकस, पटाश्या किलोवर विकणे पटत नाही. वरवरचा गंज घासून जातो. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ खड्डे असतील, तर मात्र तेवढा भाग झिजवावाच लागतो. ग्राइंडरवर घाई करून पाते निळे पडले, की त्याचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेच म्हणून समजा. कोणी म्हणेल, हे नुसते स्मरणरंजन. विजेचा रंधा काम झटक्यात उरकतो. उरकतो खरा, आणि फळ्यांच्या थप्पीसाठी तोच घ्यावा. नव्या हातकरवतीही पाकिटातून काढताच सुरेख कापतात. पण ज्यांचे दाते कारखान्यात खास कडक केलेले असतात, त्यांवर कानस चालत नाही. बोथट झाल्या की फेकायच्या. जुनीचे दाते कानशीने पुन्हा पुन्हा लावता येतात. नवे हत्यार हौसेने घ्या; पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जुने पाते एकदा दगडावर लावून पाहा.