कोर्टाचे बोलावणे येण्याआधी

पर्यावरण म्हटले की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना नोटीस, दंड आणि कारखान्याला कुलूप एवढेच आठवते. ही भीती निराधार नाही. पण ती घालवायची तर आधी शेजाऱ्याशी बोलावे लागेल, असे आम्हास वाटते.

तामिळनाडूचे उदाहरण घ्या. पालार नदीकाठी वाणियंबाडी, आंबूर येथे कातडी कमावण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यात मुस्लिम मालक व कामगार मोठ्या संख्येने आहेत. क्षार व क्रोमियम मिसळलेले पाणी शेतांत आणि विहिरींत गेले. सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याचे कृषी विद्यापीठाच्या पाहणीत आढळले.

नागरिकांची एक संघटना १९९१ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल लागला : प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी. प्रत्येक टॅनरीस १० हजार रुपये दंड झाला. पाणी शुद्ध करण्याची सोय ३० नोव्हेंबरपर्यंत करा, असे बजावले गेले. खेदाची गोष्ट ही की, प्रदूषण मंडळ त्याआधी दहा वर्षे सामायिक शुद्धीकरण केंद्रासाठी विनवीत होते. केंद्र सरकार अनुदानही देऊ करत होते. तरी प्रश्न मिटला नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाला भरपाईचे आदेश पुन्हा द्यावे लागले.

एकट्या छोट्या कारखानदाराला असे केंद्र परवडत नाही. म्हणून हे काम संघटनेचेच आहे. संघटनेने वर्गणी ठरवावी, पाण्याचा हिशेब ठेवावा आणि शेतकऱ्यांना, मोहल्ल्यातील जाणत्यांना दर महिन्याला बैठकीस बोलवावे. मोठ्या प्रकल्पांसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी होते. तिची किमान ३० दिवसांची सूचना प्रादेशिक भाषेतील दैनिकातही छापावी लागते. ती वाचा, लेखी म्हणणे द्या. पुढे २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे दारही उघडले आहे.

भिवंडी-मालेगावच्या सायझिंगचा धूर आधी आपल्याच वस्तीत शिरतो. तो गिळणारी मुले आपल्याच कामगारांची आहेत. रोजगार आणि स्वच्छ हवा ही दोन घरांची भांडणे नाहीत. दोन्ही एकाच घरच्या गरजा आहेत. तेव्हा पुढाकार आपणच घ्यावा.