प्रोजेस्टेरॉनचे चौदा दिवस

गेल्या पावसाळ्यात ४७ वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. हातात जाडजूड फाइल. चार सोनोग्राफी, दोन क्युरेटिंग, दोन्ही वेळचे पॅथॉलॉजीचे अहवाल निर्दोष आणि सर्वांत वर ‘पिशवी काढून टाकू’ असा सल्ला. तारखा लावत मी एकेक कागद उलटत गेले, तेव्हा तळाशी दीड वर्षापूर्वीची चिठ्ठी सापडली. तक्रार होती अंगातून गरम वाफा, रात्री घामाने जाग, पाळी दीड-दोन महिन्यांनी. उपचार होता इस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट १ मिलिग्रॅम आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम, दोन्ही रोज, खंड न पाडता. औषधे योग्य, मात्रा योग्य. वेळापत्रक मात्र पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या स्त्रीचे. पुढचे सगळे कागद त्या एका ओळीतून निघाले होते.

‘‘वाफा थांबल्या होत्या का?’’ मी विचारले. ‘‘हो, पहिल्या महिन्यातच. पण दर आठ-दहा दिवसांनी डाग पडायचे. वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहायची भीती वाटायला लागली, मॅडम.’’

हे प्रकरण अपवादात्मक असते, तर त्यावर संपादकीय लिहिले नसते. पाळी जाण्याच्या काळात हार्मोन द्यायचे की नाही, यावर आपण परिषदांमधून भरपूर बोलतो. द्यायचे ठरल्यावर ते महिन्याच्या कोणत्या दिवशी द्यायचे, यावर फार थोडे बोलतो. आणि माझा अनुभव असा, की या वयात उपचार फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत बीजांडकोश शांत झालेले नसतात. एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन विशीतल्या मुलीपेक्षाही वर जाते, पुढच्या महिन्यात तळाला येते. अनेक चक्रांत बीज बाहेरच पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अशा स्त्रीला रोज थोडे प्रोजेस्टेरॉन देत राहिले, तर अस्तर धड वाढत नाही आणि धड झडतही नाही. तिचे स्वतःचे इस्ट्रोजेन उसळले की अस्तर कुठेतरी तुटते आणि डाग पडतो. आपण त्याला ‘ब्रेकथ्रू’ म्हणून सोडून देतो, ती मात्र कर्करोगाच्या भीतीने रात्र काढते.

म्हणून पहिला प्रश्न पाळीच्या तारखांचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रॉ +१०’ वर्गीकरणाने हे काम सोपे केले आहे. लागोपाठच्या चक्रांच्या लांबीत ७ किंवा अधिक दिवसांचा फरक पुन्हा पुन्हा पडू लागला की संक्रमणाचा आरंभ; पाळीला ६० दिवस किंवा त्याहून मोठा खंड पडू लागला की उत्तरार्ध. शेवटच्या पाळीनंतर १२ महिने कोरडे गेले की रजोनिवृत्ती झाली, असे मागे वळून म्हणायचे. एवढे ठरवायला रक्ततपासणी लागत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या स्त्रीत निदानासाठी एफएसएच करू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१५ सालीच स्पष्ट लिहिले. एका महिन्यात ४० आलेला एफएसएच पुढच्या महिन्यात ९ येऊ शकतो. तरीही लॅबची हजारो रुपयांची ‘हार्मोन प्रोफाइल’ आपण लिहीत राहतो. त्याऐवजी मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा विचाराव्यात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या बहुधा गोल करून ठेवलेल्या असतात.

गर्भाशय असलेल्या आणि पाळी अजून येत असलेल्या स्त्रीसाठी वेळापत्रक क्रमवार असावे : इस्ट्रोजेन रोज, प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन असेल तर रात्री झोपताना २०० मिलिग्रॅम, डायड्रोजेस्टेरॉन असेल तर १० मिलिग्रॅम. ते थांबले की दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि तो अपेक्षित असतो. पाळी अजून बऱ्यापैकी नियमित असेल, तर इस्ट्रोजेन पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करून प्रोजेस्टेरॉन १५व्या दिवसापासून द्यावे. म्हणजे आपले वेळापत्रक तिच्या शरीराच्या चक्राशी जुळते; नाहीतर महिन्यात दोनदा अंगावरून जाते. पाळीचा भरवसाच उरला नसेल, तर सरळ तारखेशी बांधावे : दर महिन्याच्या १ ते १४ तारखेला. हे लक्षात ठेवायला कोणत्याही घरात अडचण येत नाही.

हे बारा-चौदा दिवस कुठून आले, ते तरुण सहकाऱ्यांसाठी सांगायला हवे. डिसेंबर १९७५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लागोपाठ दोन शोधनिबंध आले आणि एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे जगाला कळले. पुढे अमेरिकेतल्या ‘पेपी’ चाचणीत एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणींच्या अस्तरात तीन वर्षांत कोणत्या ना कोणत्या प्रकारची अतिवृद्धी दिसली. महिन्यातून १२ दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेल्यांचे अस्तर जवळजवळ सुरक्षित राहिले. रक्तस्राव कमी वेळा व्हावा म्हणून स्कँडिनेव्हियात प्रोजेस्टेरॉन दर तीन महिन्यांनी एकदाच देऊन पाहिले गेले. अतिवृद्धी वाढली आणि ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. ‘दोन-तीन महिन्यांनी एकदा पाळी आणू’ असे आपल्याकडे आजही सहज म्हटले जाते. कृपया म्हणू नये.

आता चिठ्ठी दवाखान्याबाहेर पडल्यावर तिचे काय होते ते पाहू. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आपल्याकडे सर्वाधिक खपते ते गर्भ टिकवण्यासाठी. औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणते, ‘‘ही तर दिवस राहिलेल्यांना देतात.’’ बाई घरी जाऊन पाकिटातला कागद वाचते, संकोचते आणि त्या गोळ्या बाजूला ठेवते. इस्ट्रोजेन मात्र चालू राहते, कारण त्याने वाफा थांबलेल्या असतात. म्हणजे १९७५ साली जे धोक्याचे ठरले, तेच एकटे इस्ट्रोजेन आपल्या चिठ्ठीच्या आडून सुरू होते. दुसरा प्रसंग गौरी-गणपतीचा. सोवळ्याचा स्वयंपाक आपल्या हातचा व्हावा म्हणून पाळी पुढे ढकलणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी न विचारता आणली जाते आणि चालू उपचारावर चढवली जाते. अशा बाईवर चिडू नये. श्रावणातच तिला विचारावे, गौरी कोणत्या तारखेला येतात, आणि प्रोजेस्टेरॉनचे दिवस त्याप्रमाणे आपणच चार-सहा दिवस सरकवून द्यावेत. तिच्या घरचे कॅलेंडर जे वेळापत्रक मानत नाही, ते टिकत नाही.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी ५२ मिलिग्रॅमची तांबी या वयात मला फार उपयोगी वाटते. अस्तराचे रक्षण ती करते, जास्त अंगावरून जाणे कमी करते; वरून इस्ट्रोजेनचे जेल रोज लावले की झाले. अस्तराच्या रक्षणासाठी तिची मुदत पाच वर्षांची धरावी. सुरुवातीचे तीन-चार महिने डाग पडतात, हे बसवण्याआधी सांगितले तर तक्रार येत नाही, नंतर सांगितले तर ती सबब वाटते. पाश्चात्त्य मार्गदर्शिका या तांबीचा मोठा गुण म्हणून गर्भनिरोधन सांगतात. ते खरेच, हार्मोन उपचार स्वतः गर्भनिरोधक नाही आणि हे प्रत्येकीला सांगायलाच हवे. पण महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते. त्यांच्यासाठी निवडीचा निकष रक्तस्रावच. शस्त्रक्रिया झालेली नसेल, वय पन्नाशीच्या आत असेल, रक्तदाब, तंबाखू आणि दृष्टी विस्कटणारी अर्धशिशी यांपैकी काही नसेल, तर कमी मात्रेची संयुक्त गर्भनिरोधक गोळीही चालते. पन्नाशीला ती थांबवावी. टिबोलोनला मात्र या काळात जागा नाही. पाळी जाऊन वर्ष होईपर्यंत थांबावे.

वजन जास्त, रक्तदाब, मधुमेह, पूर्वी शिरेत गाठ झालेली किंवा घरात कुणाला झालेली, अशा स्त्रीत इस्ट्रोजेन त्वचेवाटे देण्याचा विचार आधी करावा. फ्रान्सच्या ‘एस्थर’ अभ्यासात त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने शिरांतील गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, तोंडावाटे घेतलेल्याने दिसला. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र आधी सोनोग्राफी आणि अस्तराची बायोप्सी, हार्मोन नंतर.

क्रमवार वेळापत्रकावरून रोजच्या अखंड वेळापत्रकावर कधी जायचे, हा खरा कठीण प्रश्न. उपचार चालू असताना दरमहा रक्तस्राव होतच राहतो, त्यामुळे स्वतःची पाळी गेली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. ब्रिटनमध्ये वयाची ५४ वर्षे हा टप्पा धरण्याची पद्धत आहे. आपल्या स्त्रियांची पाळी सरासरीने सत्तेचाळिशीच्या आसपास, म्हणजे त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षे लवकर जाते. त्यामुळे ५४ची वाट पाहणे मला पटत नाही. पन्नाशी-एक्कावन्नला, आणि क्रमवार उपचाराची पाच वर्षे होण्याआधी नक्की, अखंड वेळापत्रक देऊन पाहावे. सहा महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत तर अस्तर तपासावे, आणि ते निर्दोष असेल तर वर्षभर पुन्हा क्रमवार वेळापत्रकावर यावे. त्यात उपचाराचा पराभव नाही. बीजांडकोशांत अजून जीव आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्यातले अनेक जण २००२च्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या बातम्यांत वाढले. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांना घोडीच्या मूत्रातले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन रोज दिले होते. स्तनांच्या कर्करोगाची वाढ दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ एवढी होती. हा आकडा लपवू नये, पण तो ४७ वर्षांच्या, पाळी चालू असलेल्या शिक्षिकेला जसाच्या तसा लावूही नये.

आणि या राज्यात ही चर्चा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेशी येऊन थांबतेच. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथली कारणे वेगळी होती : बुडणारी मजुरी, फडातले जिणे, खासगी दवाखान्यांनी घातलेली भीती. पण ‘वय झालंय, मुलं झालीत, आता पिशवीचा काय उपयोग’ हे वाक्य शहरातल्या आपल्या दवाखान्यांतही उच्चारले जाते. चुकीच्या वेळापत्रकामुळे पडलेल्या डागांवर ते उच्चारले जावे, याची मला एक डॉक्टर म्हणून लाज वाटते.

त्या शिक्षिकांचे प्रोजेस्टेरॉन मी २०० मिलिग्रॅम केले, १ ते १४ तारखेला. चिठ्ठीवर मराठीत लिहिले : ‘१५ ते २० तारखेदरम्यान अंगावरून जाईल. ते ठरलेले आहे. इतर दिवशी गेले तर तारीख लिहून ठेवा आणि या.’ तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा कागदावर एकही जादा तारीख नव्हती. शस्त्रक्रिया झाली नाही.

वाचक सहकाऱ्यांना एक विनंती. या महिन्यात हार्मोन घेणारी जी स्त्री आपल्याकडे येईल, तिची जुनी चिठ्ठी मागून घ्या. गर्भाशय आहे का, पाळी अजून येते का आणि प्रोजेस्टेरॉन महिन्यातून किती दिवस लिहिले आहे, एवढे तीनच प्रश्न त्या चिठ्ठीला विचारा. गर्भाशय असून प्रोजेस्टेरॉन बारा दिवसांहून कमी असेल, किंवा पाळी येत असून ते रोजचे असेल, तर ती चिठ्ठी त्याच दिवशी नव्याने लिहा.