चावंडचा कैदी आणि समीक्षेचा निकाल

छोट्या काल्पनिक राज्यांतील प्रेमकथा आणि दरबारी कारस्थाने यांविषयी मराठी समीक्षेने आपला निकाल फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. त्याची फेरतपासणी करण्याची गरज तिला क्वचितच वाटली. तोतया राजा, किल्ल्यात कोंडलेला खरा वारस, कपटी वजीर, सिंहासन आणि प्रीती यांच्या ओढाताणीत सापडलेली राजकन्या ही सामग्री दिसली, की ‘अद्भुतरम्य’, ‘रंजनपर’, ‘पलायनवादी’ ही विशेषणे तयारच असतात. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कृतींच्या आधारे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या. त्या मांडणीमागे एक निश्चित वाङ्मयीन भूमिका होती. पुढच्या अनेकांनी भूमिका सोडून दिली आणि खाने तेवढे ठेवून घेतले. ‘मुक्तामाले’च्या खान्यात टाकलेली कृती वाचण्याचे कष्ट मग उरत नाहीत.

या निकालामागे दोन आरोप आहेत. पहिला असा, की हा वाङ्मयप्रकार परका आहे. दुसरा असा, की तो असंभाव्य आहे. पहिल्या आरोपात तथ्य असले, तरी त्याने फारसे काही सिद्ध होत नाही. आधुनिक अर्थाने कादंबरी हा प्रकारच इंग्रजी अमदानीत रुजला. अँथनी होप यांची ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ (१८९४) या प्रकाराचा नमुना मानली जाते. रुरिटानिया या कल्पित राज्यात राज्याभिषेकाच्या तोंडावर राजाला गुंगीचे औषध दिले जाते, त्याच्यासारखाच दिसणारा एक इंग्रज त्याच्या जागी सिंहासनावर बसतो आणि खरा राजा झेंडाच्या किल्ल्यात बंदिवान होतो. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी हेच कथानक ‘झिंदेर बंदी’ या बंगाली कादंबरीत मध्य भारतातील एका कल्पित संस्थानात आणले आणि त्यावर १९६१ मध्ये तपन सिन्हा यांनी चित्रपट काढला. उसनवारी उघड होती. त्यामुळे बंगाली वाचकाचे काही बिघडले नाही.

दुसऱ्या आरोपाची परीक्षा मात्र जुन्नर तालुक्यातच करता येते. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर अगदी लहान होता. मिया मंजू या सरदाराने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात ठेवले आणि राजवंशातला म्हणून अहमद नावाच्या एकाला गादीवर बसवले. हा अहमद वंशातला नसल्याचे लवकरच उघडकीस आले. विरोधी हबशी सरदारांनी चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरला मागितले. किल्लेदाराने नकार दिला. तेव्हा त्यांनी अहमदनगरच्या बाजारातून त्याच वयाचे एक मूल आणले आणि ‘मोतीशहा’ म्हणून त्याची द्वाही फिरवली. अडचणीत आलेल्या मिया मंजूने मोगलांना बोलावले, चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला लढवला आणि तहानंतर १५९६ मध्ये चावंडचा कैदी सिंहासनावर आला. १६०० मध्ये चांदबीबी स्वकीयांकडून मारली गेली, अहमदनगर पडले आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली. हा तपशील फिरिश्ता या समकालीन इतिहासकाराच्या ग्रंथात नोंदलेला आहे. एखाद्या कादंबरीकाराने बाजारातून राजा आणला असता, तर मराठी समीक्षेने त्याला संभाव्यतेचे नियम शिकवले असते.

तेव्हा रुरिटानियाचा दोष असंभाव्यतेत शोधणे व्यर्थ आहे. या प्रकाराच्या मुळाशी एक अत्यंत गंभीर प्रश्न आहे: राजा कशाने राजा ठरतो? रक्ताने, अभिषेकाने, की ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्याच्या मर्जीने? होप हा प्रश्न उभा करतात आणि त्यापासून माघार घेतात. तोतया खऱ्या राजाहून अधिक लायक ठरतो, पण शेवटी राज्य आणि राजकन्या दोन्ही सोडून निघून जातो. जन्मसिद्ध हक्क अबाधित राहतो. चावंडच्या हकिकतीत अशी सोय नाही. तिथे खरा वारस आणि बाजारातले मूल यांच्यात फरक एवढाच, की एकावर किल्लेदाराचा पहारा होता. पुढे १६३० नंतरच्या धामधुमीत शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका बालवारसाला पेमगिरीवर गादीवर बसवून राज्य चालवले. ते मूल जवळच्याच जीवधन किल्ल्यातून आणल्याचे सांगतात. जीवधनच्या पायथ्याशी नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या; वर कोरलेली राजाराणीची आणि कुमारांची नावे तेवढी राहिली.

हा प्रश्न मराठी ऐतिहासिक कादंबरी विचारू शकत नाही, कारण खरा राजा कोण हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक असते. शिवनेरीकडे पाहण्याची एकच दृष्टी तिने मान्य केल्यामुळे शेजारचा चावंड तिला जवळजवळ दिसतच नाही. काल्पनिक राज्याला हे बंधन नसते. भावना दुखावल्याची हाकाटी सहज उठते अशा समाजात सत्तेच्या वैधतेची तपासणी करण्यासाठी कल्पित राज्याइतकी मोकळी जागा दुसरी नाही. समीक्षेने नेमकी तीच जागा बालिश ठरवून बंद केली.

याचा अर्थ ‘मुक्तामाला’ किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ यांना दोषमुक्त करावे असा नव्हे. त्यांचा दोष अद्भुताचा नाही, अपुऱ्या कल्पनेचा आहे. त्यांच्या राज्यांना गादी आहे, पण महसूल नाही. तळघर आहे, पण त्यातल्या कैद्याला भाकरी पोचवणारा माणूस नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरकपारींत राहणाऱ्या महादेव कोळ्यांना त्या दरबारी कारस्थानांची कोणती किंमत मोजावी लागली, हा प्रश्न या लेखकांना पडला असता, तर त्यांच्या हातून रुरिटानियाच्या पलीकडे जाणारी कादंबरी लिहून झाली असती. तो त्यांना पडला नाही, ही त्यांची मर्यादा. त्यांच्या समीक्षकांनाही तो पडला नाही, आणि वास्तवाचे नाव घेऊन निकाल देणाऱ्यांना ती सवलत मिळू शकत नाही.