उद्याचा चेहरा कोणाच्या मापाने? मेणाच्या पत्र्यापासून संगणकापर्यंत

१/ जबड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला त्याचा ‘नंतरचा’ चेहरा आज संगणकाच्या पडद्यावर दाखविता येतो. तंत्र नवे असले तरी त्यामागची आकांक्षा जुनी आहे. मात्र ते चित्र म्हणजे भविष्याचे छायाचित्र नव्हे. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्र तपासतो, तसेच तेही तपासले पाहिजे. 🧵

२/ या आकांक्षेचा एक जुना दाखला पुण्याजवळचा आहे. जबड्याचा नव्हे, नाकाचा. इंग्रज सैन्यातील बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून त्याला नवे नाक दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापली गेली.

३/ त्यातील कृती लक्षणीय आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून शोभेल असे नाक घडवायचे. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. शस्त्र त्यानंतर. म्हणजे भावी रूप आधी पाहिले जाई आणि माप त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून घेतले जाई.

४/ जबड्याची कथा पुढची. १८४९ मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेन यांनी भाजल्यामुळे विकृत झालेला खालचा जबडा शस्त्रक्रियेने सुधारला. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोक्याची प्रमाणबद्ध क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत मांडली. १९५७ मध्ये ओब्वेगेसर आणि ट्राउनर यांनी खालचा जबडा दुभंगून सरकविण्याची पद्धत इंग्रजी वाचकांपुढे ठेवली.

५/ मग क्ष-किरण चित्रावरून रेखाटन करायचे, जबड्याचा भाग कात्रीने कापून सरकवायचा आणि नवा चेहरा रेखायचा, अशी रीत पडली. अडचण एकच: हाड सरकते तितकी त्वचा सरकतेच असे नाही. हनुवटी बहुतांशी हाडाबरोबर जाते. वरचा ओठ मागे राहतो. ही प्रमाणे आली ती आधीच्या रुग्णांच्या सरासरीतून.

६/ संगणकाने कात्रीची जागा घेतली. सीटी स्कॅनमधून त्रिमितीय कवटी उभी राहते, स्नायू व त्वचा लवचीक जाळीसारख्या मानून गणित केले जाते. तरीही ओठांचा भाग अनेकदा गणिताला चकवतो, कारण स्नायूंचा ताण आणि जखम भरण्याची रीत प्रत्येकाची निराळी.

७/ खरा प्रश्न याहून खोल आहे: आदर्श कोणाचा? दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी अपोलो बेल्व्हेडेर या प्राचीन शिल्पाच्या मुखात सुसंवादाचा नमुना पाहिला. विल्यम डाउन्स यांची १९४८ ची प्रसिद्ध मापे अवघ्या २० गोऱ्या किशोरवयीनांवर आधारलेली होती. पुढे निरनिराळ्या समाजांसाठी, भारतीयांसाठीही, वेगळी मापे काढावी लागली, यातच पुरेसे उत्तर आहे.

८/ कोणी म्हणेल, चित्राविना रुग्ण अंधारात राहील. ते खरेच आहे. दातांची ठेवण आणि हाडांची हालचाल ठरविण्यासही हे तंत्र मोलाचे आहे. आक्षेप चित्राला नाही, त्याला वचन समजण्याला आहे. माणूस त्या चित्राकडे पाहून आपला चेहरा बदलण्यास संमती देतो. म्हणून चूक किती होऊ शकते आणि मापे कोणाच्या चेहऱ्यांवरून आली, हे दोन्ही त्याला संमतीपूर्वी सांगितले गेलेच पाहिजे.

९/ पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव त्या हकिकतीत नाही. पण त्याचे माप कोठून आले हे तीत स्पष्ट लिहिले आहे. आजच्या पडद्याकडूनही निदान एवढी अपेक्षा ठेवणे वाजवी आहे.